परिचारिकेची व्यसनमुक्ती आणि नोंदींची गुप्तता

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास वेदनाशामक इंजेक्शन देण्याची वेळ येते, तेव्हा औषधाच्या कपाटाची किल्ली परिचारिकेच्या हाती असते. मॉर्फिन, पेथिडीन, पेन्टाझोसिन ही औषधे तिच्या नित्याच्या हाताळणीतली. रात्रपाळ्या, पाठदुखी, अपुरी झोप यांतून एखादीला त्याच औषधाची सवय जडते. डॉक्टरांच्या बाबतीतही असे घडते. अशा परिचारिकेने स्वतःहून उपचारास यावे, हे इष्ट होय. परंतु तिला औषधोपचारापेक्षा भय वाटते ते कागदाचे.

वर्धा जिल्ह्यास हे भय अपरिचित नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने वर्ध्यास मुख्यालय ठेवून सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार यांच्या आधारे कुष्ठरोगाचे कार्य केले. त्या काळी अंगावर चट्टा उमटलेला मनुष्य गोळ्यांना नव्हे, गावात नाव होण्याला भीत असे. तो चट्टा झाकी, आणि बोटे वाकल्यावर दवाखान्याची पायरी चढे. व्यसनाचेही तसेच आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या परिचर्या मंडळाने १९८५ पासून एक वेगळा मार्ग अवलंबिला. व्यसनाधीन परिचारिकेवर थेट शिस्तभंगाची कारवाई करण्याऐवजी तिला उपचार व देखरेखीच्या कार्यक्रमात घेतले जाते. तेथील नोंदी गोपनीय असतात आणि कार्यक्रम यशस्वीपणे पुरा झाल्यावर त्या नष्ट करण्याची तरतूद आहे. मात्र जी मध्येच बाहेर पडते आणि जिच्यापासून रुग्णांस धोका संभवतो, तिचे नाव कारवाईसाठी मंडळाकडे जाते. नोंद समूळ नष्ट करावी काय, याविषयी मतभेद होऊ शकतात. रुग्णाच्या बाजूने विचार करणाऱ्यास ते खटकणे स्वाभाविक आहे. परंतु गुप्ततेला मर्यादा आहे आणि ती आधीच सांगितलेली आहे, ही गोष्ट महत्त्वाची.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आहे. कलम २३ अन्वये रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. दुसऱ्या व्यक्तीस इजा होण्याचा धोका असेल, तर ती टाळण्यास आवश्यक तेवढीच माहिती देता येते. हे संरक्षण रुग्ण म्हणून आलेल्या परिचारिकेलाही आहे. रुग्णाचे औषध स्वतः घेऊन त्याला नुसते पाणी टोचले गेले असेल, तर तो प्रकार मात्र चौकशीचाच विषय होय.

अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असल्यास, कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. दारूला हे कलम लागू नाही. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि परवान्याविना मद्यसेवन हा गुन्हा आहे. त्यामुळे येथील मद्यपी कर्मचाऱ्यास नोकरीची आणि पोलिसांची अशी दुहेरी धास्ती असते. दारूबंदीचे समर्थन करणाऱ्या प्रत्येक सरपंचाने ही बाजूही ध्यानी घ्यावयास हवी.

गुप्तता भंग पावते ती बहुधा कपाटातील केसपेपरमुळे नव्हे, तर रजेच्या अर्जामुळे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेचे वैद्यकीय प्रमाणपत्र टेबलामागून टेबल ओलांडीत जिल्हा परिषदेत पोहोचते, तोवर आजाराचे नाव सर्वतोमुखी झालेले असते. वस्तुतः लिपिकास हवे असते ते रजेचे दिवस आणि कामावर येण्याची पात्रता. आजाराचा तपशील बंद लिफाफ्यातून सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यापुरता राहू शकतो. ती परत आल्यावर काही महिने कपाटाची किल्ली तिच्याकडे नसावी, रात्रपाळी नसावी. ही अट वैद्यकीय अधिकाऱ्यास आणि इन्चार्ज सिस्टरला ठाऊक असली म्हणजे झाले. इतर कोणी विचारल्यास ‘प्रकृतीच्या कारणास्तव दिवसपाळी’ एवढे उत्तर पुरेसे आहे.