नळ्या बंद होण्याआधी



कॅनडाभर पसरलेले मराठी डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक असे आपण आज मिसिसॉगात एकत्र आलो आहोत, आणि अध्यक्षपद माझ्याकडे आहे. आज मला एका बाईंविषयी बोलायचं आहे.

वय चौतीस, लग्नाला आठ वर्षं. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला, तेव्हा दोन्ही गर्भनलिका बंद दिसल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, हे झालं कधी?" मी जुने कागद चाळले. सहा वर्षांपूर्वी ओटीपोटात दुखतं म्हणून त्या दोनदा दवाखान्यांत गेल्या होत्या. एकदा लघवीच्या संसर्गाचं औषध मिळालं, एकदा ॲसिडिटीचं. दोन्ही वेळा दुभाष्याचं काम नवऱ्यानं केलं. बाईंनी 'अंगावरून पांढरं जातं' असं सांगितलं होतं. इंग्रजीत पोचेपर्यंत त्याचा 'अशक्तपणा' झाला. कारण क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू होता की आपल्याकडे नळ्या बिघडवणारा क्षय, हे आता मला सांगता येईना.

क्लॅमिडिया बहुतेक बायकांना काहीच जाणवू देत नाही. तो गर्भाशयाच्या मुखातून वर सरकतो, नळ्यांना सूज आणतो, आणि सूज ओसरली की मागे व्रण ठेवतो. स्वीडनमध्ये लुंडच्या लार्स वेस्ट्रॉम यांनी अशा बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. सूज एकदा आली तर नळ्यांमुळे वंध्यत्व साधारण आठ टक्के, दोनदा आली तर वीस, तीनदा आली तर चाळीस. हे आकडे मी प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगते, कारण पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मधला काळ आपल्या हातात असतो. आठवडाभराच्या डॉक्सिसायक्लिननं जंतू मरतो, पण व्रण भरून निघत नाही. जोडीदाराला औषध दिलं नाही, तर जंतू परत येतो. आणि पुरुषांनाही तो सोडत नाही. वीर्यवाहक मार्गाला सूज आणतो. तरीही मूल होत नाही म्हणून आपल्याकडे प्रथम कोणाला तपासायला नेतात, हे तुम्हाला माहीत आहे. 'वांझ' हा शब्द आपण बाईपुरताच राखून ठेवला.

टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र, म्हणजे आयव्हीएफ, मुळात बंद नळ्यांना वळसा घालण्यासाठीच जन्मलं. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जिचं बाळ त्या तंत्रानं जन्मलं, त्या आईच्या नळ्या बंद होत्या. इथे कॅनडात १९८९ मध्ये अशा नव्या प्रजनन तंत्रांवर शाही आयोग नेमला गेला. पॅट्रिशिया बेअर्ड त्याच्या अध्यक्ष होत्या. १९९३ च्या त्यांच्या अहवालात वंध्यत्व टाळण्यावर, त्यासाठी लैंगिक संसर्ग रोखण्यावर ठाम भर होता. पुढे २००४ मध्ये कायदा झाला, पण तो मुख्यतः प्रयोगशाळेतल्या भ्रूणांचा आणि सरोगसीचा. ऑन्टारिओ २०१५ च्या अखेरीपासून आयव्हीएफच्या एका आवर्तनाचा खर्च उचलतं. चांगलंच आहे. पण त्या रांगेतल्या किती जणींना क्लॅमिडियाच्या तपासणीसाठी वेळीच लघवीची एक बाटली भरायला सांगितली होती? प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यदलानं २०२१ मध्ये तिशीखालच्या, शरीरसंबंध असलेल्या सर्वांना क्लॅमिडिया-गोनोरियाची तपासणी देऊ करावी असं सुचवलं. लग्न झालेलं असलं तरी ती द्यावी, हे मी माझ्याकडून जोडते. गळ्यात मंगळसूत्र दिसलं की आपला प्रश्न घशातच अडतो.

दोष बायकांच्या लाजेचा नाही, याचा पुरावा महाराष्ट्रात आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता, आणि याआधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ टक्के. त्या बायका तपासायला आल्या, बोलल्या, कारण विचारणारं कोणी आलं होतं. त्याही आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. मूल कधी हवं आणि रोग कसा टाळावा, हे दोन्ही कर्व्यांच्या लेखी एकाच संसाराचे प्रश्न होते.

ब्रॅम्प्टन, वॉटर्लूला शिकायला आलेली आपली मुलंमुली आता माझ्याकडे येतात. त्यांची भीती वेगळी असते: हा अहवाल इमिग्रेशनकडे जाईल का, घरी कळेल का? क्लॅमिडियाची नोंद सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवावी लागते, ती जोडीदारावर उपचार व्हावेत म्हणून. व्हिसाशी तिचा संबंध नाही. त्या विभागाच्या लैंगिक आरोग्य दवाखान्यांत हेल्थ कार्ड लागत नाही, औषध मोफत मिळतं. हे मराठीत सांगणारा एक कागदही मला अजून कुठल्या प्रतीक्षालयात दिसलेला नाही.

म्हणून दुपारच्या सत्रात भाषणं नकोत. टेबलं ओढून आपण मराठीतली प्रश्नावली लिहू. मी कच्चा मसुदा आणला आहे. 'अंगावरून काही जातं का, ओटीपोटात दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का', इथपर्यंत तो पोचला आहे. सर्वात वर मात्र एक ओळ रिकामी सोडली आहे: नवऱ्याला न दुखावता बाहेर बसायला सांगणारं वाक्य. मी तीनचार लिहून खोडली. सोलापूर, कोल्हापूर, नागपूरकडच्या मैत्रिणींनो, तुमच्या भागात हे कसं म्हणतात ते मला हवं आहे.