विस्मृतीची गोळी
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



दुःखद आठवणी पुसणारे औषध निघाले, अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. अपघात, दंगल वा अत्याचार यांतून वाचलेल्या माणसाला रात्र रात्र झोप लागत नाही. त्याला या बातमीने आशा वाटावी, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच तीत तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

हे औषध म्हणजे प्रोप्रानोलॉल. रक्तदाब व हृदयविकार यांवरचे जुनेच औषध. भीतीच्या क्षणी शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते आणि आठवण खोल कोरली जाते; त्या द्रव्याचा जोर हे औषध अडविते. बोस्टनच्या डॉ. रॉजर पिटमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ते नुकत्याच आघात झालेल्या रुग्णांना दहा दिवस देण्यात आले. तीन महिन्यांनी तो प्रसंग आठवताना त्यांच्या शरीराची खळबळ कमी आढळली. पण विकार टळतो, असे सिद्ध झाले नाही. पुढे मॉन्ट्रियलच्या डॉ. अ‍ॅलन ब्रुने यांनी निराळी रीत योजली. रुग्णाने गोळी घ्यावयाची, मग स्वतः लिहिलेली हकीकत वाचावयाची; आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. २०१८ सालच्या त्यांच्या निबंधात रुग्णांचा त्रास कमी झाल्याचे नमूद आहे. पण यात घटना पुसली जात नाही, तिची धार बोथट होते. शिवाय गोळीच्या जोडीला आठवावे लागतेच!

आणि आठवण खरोखरच पुसता आली असती तर? १९६१ साली जेरुसलेम येथे आइकमनवर खटला चालला. शंभरावर साक्षीदार उभे राहिले. बहुतेक नाझींच्या छळातून वाचलेले. एक जण तर साक्ष देता देता कोसळला. या साऱ्यांच्या आठवणी पुसल्या गेल्या असत्या, तर गुन्हेगाराला याहून सोयीचे ते काय?

दुःख सोसण्यातच थोरवी आहे, असे माझे म्हणणे नाही. वेदना उतरविणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावे. साक्ष देण्याची सक्तीही कोणावर नसावी. परंतु वेदना वेगळी आणि आठवण वेगळी. वेदना ही पीडिताची एकट्याची. आठवणीवर न्यायाचाही हक्क असतो.

आपल्या घरांतून तर औषधाच्याही आधी एक गोळी दिली जाते: ‘झाले गेले गंगेला मिळाले, आता विषय नको.’ ही गोळी बहुधा घरच्यांच्या सोयीची असते. वास्तविक या विकारावर आज प्रथम सुचविला जाणारा उपचार म्हणजे जाणत्या तज्ज्ञापाशी तो प्रसंग हळूहळू उलगडणे.

आपली संस्था आजाऱ्यांना औषधपाण्यासाठी साहाय्य करते. त्याच मायेने अशा माणसाला तज्ज्ञापर्यंत सोबत करावी, आणि तो बोलू लागला तर त्याला थांबवू नये, एवढीच आपणांस विनंती.