शेंदरी बोंडअळी, जनुक-संपादन आणि संशोधकाचे श्रम
(शेती व विज्ञान या विषयावरील अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



किडींच्या जनुकांत फेरफार करणारे शास्त्र हा प्रयोगशाळेतल्या विद्वानांचा विषय, किसान आघाडीचा नव्हे, असा समज आपल्यातही आढळतो. शेंदरी बोंडअळीचे एकच उदाहरण घेतले तरी तो टिकत नाही.

या अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ सालचे. तेही भडोचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून. अमेरिकेत ती १९१७ मध्ये टेक्सासात पोचली. शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, तेथील कृषिखात्याने देशाच्या मुख्य भूमीवरील कापूस-क्षेत्रातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन विषांचे वाण २००६ मध्ये. गुजरातेत पहिल्या वाणाला अळी दाद देत नाही, हे खुद्द कंपनीला २०१० मध्ये मान्य करावे लागले आणि पुढे दुसऱ्या वाणाचीही तीच गत झाली. बोंडअळीने थैमान घातलेल्या २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

अळी तीच, बीटीचे विषही तेच. मग फरक कशाचा? ॲरिझोनात बियाण्याच्या जोडीला सरकारी खाती, विद्यापीठ आणि उत्पादक यांची संघटित मोहीम होती. किरणोत्साराने वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानांतून शेतांवर सोडण्यात आले. हंगाम संपताच पऱ्हाट्या गाडल्या जात. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी देऊन कंपन्या मोकळ्या झाल्या. ती का पेरायची, हे समजावणारी सरकारी यंत्रणा तोकडी पडली. या प्रकरणी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देणारे तज्ज्ञ मला कधीच पटले नाहीत. कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी फरदडीची चार बोंडे सोडून देईल कसा?

आता जनुक-संपादनाकडे वळू. क्रिस्पर या रेणवीय कात्रीचा मूलभूत शोधनिबंध २०१२ चा. त्याला २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ॲरिझोनातील मॅरिकोपा येथील सरकारी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी बोंडअळीचे एबीसीए-२ हे जनुक या कात्रीने मुद्दाम तोडले. बीटीच्या दुसऱ्या विषाने मरणारी अळी त्यामुळे त्याच विषावर जगू लागली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांत याच जनुकातला बिघाड आधीच दिसला होता. तो प्रतिकाराला पुरेसे कारण आहे, हे या प्रयोगाने सिद्ध केले. पहिल्या विषाच्या बाबतीत तर २०१४ च्या अभ्यासात भारतीय अळ्यांमध्ये कॅडहेरिन जनुकाचे आठ निरनिराळे बिघडलेले प्रकार सापडले होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एखादी तयार डीएनए-चाचणी विकत आणून आपले भागणार नाही. गावोगावच्या अळ्या सातत्याने तपासाव्या लागतील, आणि त्यात नफा नसल्याने कंपनी ते करणार नाही.

हे काम प्रत्यक्षात करतो कोण? अर्ध्या मिलिमीटरची अंडी, घातल्यापासून काही तासांच्या आत, सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने एकेक टोचायची, बहुतेक मरतात. उरलेल्यांचे पतंग झाले की त्यांचा संकर करायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या जनुक वाचत राहायचे. हे कष्ट बहुधा पोस्ट-डॉक्टरल संशोधकाच्या वाट्याला येतात. डॉक्टरेट मिळवलेला हा कुशल श्रमिक एक-दोन वर्षांच्या करारावर जगतो. किडीची एक पिढी महिन्याची. चांगला प्रयोग मार्गी लागेपर्यंत याची फेलोशिप संपते! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत फळे नासवणाऱ्या माशीवर असेच काम चालते. त्या विद्यापीठातील सुमारे ४८ हजार शैक्षणिक कामगार १४ नोव्हेंबर २०२२ रोजी संपावर गेले. त्यांत पोस्ट-डॉक्टरल संशोधकही होते, आणि डिसेंबरात वेतनवाढीचा करार पदरात पाडूनच ते कामावर परतले. आपण संशोधक म्हणजे कामगारही आहोत, हे तेथे उघडपणे बोलले गेले. आपल्या विद्यापीठांत ही जाणीव अजून क्षीण आहे.

कापसाच्या हमीभावाबरोबरच कापूस पिकविणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यात बोंडअळी-तपासणीची सरकारी प्रयोगशाळा आणि तीत कायम पदे, ही मागणी किसान आघाडीने येत्या हंगामापूर्वीच्या निवेदनात घालावी, असे मी सुचवितो.