शुश्रूषेचा ताळा



गणिताचा ताळा पाहावा, असे आम्ही जन्मभर शाळेत शिकविले. शुश्रूषेचाही ताळा पाहिला पाहिजे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची पाठ स्पिरिटने चोळली की शय्याव्रण टळतात, असा समज होता. १९६२ साली इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचे निरीक्षण करून दाखविले की, लेपांपेक्षा वेळोवेळी कूस बदलून दाब हलका करणेच गुणकारी होय. लाल झालेली त्वचा चोळू नये, असे आजचे शास्त्र सांगते. आपल्या परिचारिका कन्या व सुना हे घरी सांगतील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ते अव्हेरू नये. मायेला ज्ञानाची जोड मिळाल्यास आपल्या वृद्धांच्या वेदना टळतील, एवढीच आमची विनंती.