एक वाडा, वेगळ्या चुली

(बेंगळुरूतील मराठी श्रोत्यांसमोर उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी चहाच्या वेळी एका आजींनी मला विचारलं, "आमचा नातू म्हणतो, मी सॅनमध्ये आहे. वर्षभर चालणारा हा कुठला सण?" आजचं व्याख्यान त्या आजींसाठी. इथे बसलेल्या इंजिनियर मंडळींनीही ऐकलं तर हरकत नाही.

सॅन म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. बँकेतलं तुमचं खातं गणित करणाऱ्या सर्व्हरच्या पोटात नसतं. ते शेजारच्या डिस्कच्या कपाटात असतं. सर्व्हर आणि कपाटं ज्या स्विचच्या जाळ्याने जोडतात त्याला म्हणायचं फॅब्रिक. त्या जाळ्यावर फायबर चॅनेल नावाची भाषा चालते. तिचं पहिलं प्रमाण १९९४चं. हरवलं तर पुन्हा पाठवू, असा सैलपणा या भाषेला चालत नाही. पलीकडे ठेवायला जागा आहे हे कळल्याशिवाय पुढची फ्रेम, म्हणजे माहितीचं पुढचं पाकीट, सुटतच नाही. हे स्विच बनवणाऱ्या दोन मोठ्या नावांची, सिस्को आणि २०१७पासून ब्रॉडकॉमच्या पंखाखाली गेलेल्या ब्रोकेडची, अभियांत्रिकीची कामं याच शहरात चालतात. तेव्हा आजी, तुमचा नातू योग्य गावात आहे.

फॅब्रिकमध्ये प्रत्येक स्विचला एक डोमेन क्रमांक असतो. जास्तीत जास्त २३९ क्रमांक वाटता येतात. फॅब्रिकमधला प्रत्येक पत्ता २४ बिटांचा, आणि त्याचे पहिले ८ बिट म्हणजे हा डोमेन. कुठल्या वाटेने जायचं ते स्विच आपापसांत ठरवतात. त्या पद्धतीचं नाव एफएसपीएफ. तिच्या मुळाशी डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५९ साली छापलेली जवळच्या वाटेची रीत आहे.

आता वाड्याकडे येऊ. चार भावांचा एक वाडा आहे. भिंती भक्कम, छप्पर एक, पण चूल एकच असली की एका जावेचं दूध उतू गेलं तरी चौघींच्या स्वयंपाकाचा खोळंबा. फॅब्रिकचंही असंच. चाचणीसाठी आणलेला एक स्विच चुकीच्या डोमेन क्रमांकाने जोडला, किंवा कुणी झोनिंगची, म्हणजे कोण कोणाशी बोलू शकतं याची, यादी पुसली, तर त्याचा त्रास पगाराच्या सर्व्हरलाही होऊ शकतो. पूर्वी उपाय एकच होता: प्रत्येक विभागाला वेगळा स्विच घ्या. म्हणजे भावागणिक नवा वाडा. खर्च चौपट, आणि निम्म्या खोल्या रिकाम्या.

मग निघाल्या आभासी फॅब्रिक्स. सिस्कोने २००२मध्ये एमडीएस मालिका आणली, तिच्यात त्याचं नाव व्हीसॅन. ब्रोकेडने काही वर्षांनी तेच व्हर्च्युअल फॅब्रिक्स या नावाने आणलं. एकाच यंत्रातले पोर्ट, म्हणजे वायरी जोडायच्या जागा, वाटून तर्काने वेगळे स्विच तयार होतात. वाडा एक, चुली वेगळ्या. ब्रोकेडमध्ये प्रत्येक चुलीला १ ते १२८ यांपैकी एक क्रमांक मिळतो. मूळ स्विचचा १२८. एक पोर्ट एका वेळी एकाच चुलीचा. तो दुसरीकडे हलवला की त्याच्या जुन्या सेटिंग्ज जातात आणि तो बंद अवस्थेत येतो. मुद्दाम सुरू करावा लागतो. सिस्कोत कुणी एखादं व्हीसॅन काढून टाकलं तर त्याचे पोर्ट ४०९४ क्रमांकात जाऊन पडतात. तिथे कुणीच कुणाशी बोलू शकत नाही. वाटणीत कुणाच्याच वाट्याला न आलेली खोली, बाहेरून कडी घातलेली.

पण चुली वेगळ्या झाल्या तरी विहीर एकच असते. बॅकअपची टेप लायब्ररी महाग. ती चारही विभागांना हवी. किंवा दोन संस्था एक होतात. इथे मुख्यालय असलेल्या कॅनरा बँकेत सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी विलीन झाली. अशा कुठल्याही विलीनीकरणात तंत्रज्ञांसमोर एक प्रश्न ठेवलेलाच असतो: यांच्याकडे डोमेन १ आहे, त्यांच्याकडेही डोमेन १ आहे, जोडायचं कसं? सरळ वायर लावली तर क्रमांक आपटतात आणि दुवा तुटतो.

इथे राउटिंग लागतं. राउटर दोन फॅब्रिक एकत्र करत नाही, मध्ये उभा राहून पत्ते बदलतो. पलीकडच्या टेप लायब्ररीचा एक प्रतिनिधी तो अलीकडे बसवतो. अलीकडच्या सर्व्हरला वाटतं, लायब्ररी आपल्याच घरात आहे. व्हर्च्युअल फॅब्रिक्स चालू असतील तर राउटरचं हे मधलं दार बेस स्विच नावाच्या सामाईक भागात असतं; वाड्याचा बोळ म्हणा.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ब्रोकेडमध्ये हे दार उघडायला 'एलसॅन' या अक्षरांनी सुरू होणारा झोन करावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंना करावा लागतो. झोनचं उरलेलं नाव इकडे एक, तिकडे दुसरं असलं तरी चालतं. पण ज्यांची देवाणघेवाण करायची, ती उपकरणं दोन्ही याद्यांत हवीत. एका बाजूने नाव काढलं, की दार बंद. थोरल्याने धाकट्याच्या वतीने सही करायची नाही. वाटणीचे कितीतरी दावे या एका नियमाने मिटले असते.

आता माझी फजिती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, संस्थेचं नाव सांगत नाही. शनिवारची रात्र, एक वाजलेला, चेंज विंडो, म्हणजे बदलांसाठी राखून ठेवलेली वेळ, उघडलेली. मला एक नवा तार्किक स्विच करायचा होता. त्याआधी व्हर्च्युअल फॅब्रिक्स चालू करायची आज्ञा द्यावी लागते. पडद्यावर इशारा आला: हे काम व्यत्यय आणणारं आहे, रीबूट होईल, पुढे जायचं का? मी वाय दाबला. मी निर्धास्त होतो, कारण प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा असतात, एक ए फॅब्रिकमधून आणि एक बी फॅब्रिकमधून. ए झोपला तर बी जागा असतो.

सगळे सर्व्हर वाचले, एक सोडून. तो नेमका पगाराचा. मी रॅकच्या मागे बॅटरी घेऊन गेलो. दोन नारिंगी वायरी, एकीवर ए, दुसरीवर बी, टाइप केलेली सुबक लेबलं. बीची वायर बोटांत धरून खालपर्यंत गेलो, तर ती त्याच ए स्विचच्या शेजारच्या पोर्टात. लेबल खरं बोलत नव्हतं, आणि कित्येक वर्षं कुणी वायरीला विचारलं नव्हतं. पहाटे चारपर्यंत मी तिथेच बसून होतो.

यंत्रात आपण जी भिंत आणि जे दार घालतो, ती माणसांनी आधी केलेल्या ठरावाची नक्कल असते. ठराव नसेल तर यंत्र गोंधळाचीच इमानाने नक्कल करतं. म्हणून इथल्या तरुण मंडळींना एवढंच सांगतो: कीबोर्डला हात लावण्याआधी कोण कोणाला दिसायला हवं ते कागदावर लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि लेबल वाचून थांबू नका. वायर हातात धरून शेवटपर्यंत जा.