एका वाचकाची टिपणवही



ग्रंथांविषयी बोलण्याचा प्रसंग आला की बहुधा लेखकांचा गौरव होतो. वाचकाचा उल्लेख क्वचितच होतो. आजचे विवेचन एका वाचकाविषयी आहे. हे गृहस्थ सांगलीचे रहिवासी असून त्यांचे आजोळ साताऱ्याचे आहे. वय सत्तरीपुढचे. नाव जाहीर होऊ नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे घेतलेले नाही. पुस्तक वाचून होताच तारीख घालून त्याविषयीचा अभिप्राय एका वहीत नोंदवावयाचा, हा त्यांचा जुना नेम. गेल्या वर्षी त्यांनी असा संकल्प केला की, सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीतून आलेल्या आणि येथे राहून लिहिणाऱ्या लेखकांचीच पुस्तके वाचावयाची. मात्र त्यांचे प्रकार निरनिराळे असावेत.

हे दोन जिल्हे वेगळे मानण्याची आपली सवय तशी अलीकडची. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आज सांगली जिल्ह्यात मोडणारी कित्येक गावे पूर्वी सातारा जिल्ह्यात वा एखाद्या संस्थानात होती. या वाचकाच्या दृष्टीने तर दोन्ही जिल्हे म्हणजे कृष्णेचा काठ आणि माणदेशचा माळ, एवढीच विभागणी खरी.

प्रारंभ झाला व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ने. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही छोटेखानी कादंबरी औंध संस्थानातील एका धनगरवाडीची कथा सांगते. एक तरुण मास्तर तेथे शाळा चालविण्यासाठी येतो. हळूहळू तो वाडीचा होतो, सर्वांच्या श्रमातून तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ येतो. मेंढरे घेऊन माणसे निघून जातात. या वाचकाने वहीत लिहिले की, दुष्काळाविषयीचे अहवाल पुष्कळ वाचले, परंतु ओस पडलेली वाडी प्रथमच पाहिली.

त्यानंतर हाती आले शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे १९८१ सालचे आत्मचरित्र. खरातांचा जन्म आटपाडीचा. माडगूळकरांचे माडगूळेही त्याच तालुक्यातले. दोघांनी पाहिलेला माळ एकच, दोघांनी सोसलेले ऊनही एकच. परंतु खरातांचे वडील तराळ होते. विहिरीतील प्रेत बाहेर काढण्याचे काम शिपाई वडिलांवर लादतो आणि लहानगा मुलगा काठावर उभा राहून भीतीने ते पाहतो, हा प्रसंग वाचल्यावर या वाचकाने त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी आहे की, ‘बनगरवाडी’ जितकी खरी, तितकेच हेही खरे. केवळ पहिले पुस्तक वाचून आटपाडी समजली असे मानणे चुकीचे ठरले असते. तराळाचा तोच मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला, हे आपण सर्व जाणताच.

येथून त्यांच्या वाचनाला एक दिशा मिळाली. पुस्तके एकेकटी न वाचता जोडीने वाचावीत, असे त्यांनी ठरविले. कापडाची पारख करणारा माणूस वरची बाजू पाहून थांबत नाही. तो कापड उलटून पाहतो. वाचनातही तसेच करावयास हवे, असे त्यांना वाटू लागले.

दुसरी जोडी १९५९ या एकाच वर्षातील दोन कादंबऱ्यांची. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आणि वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’. खांडेकरांनी पुराणातील राजाची कथा ययाति, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे खांडेकर ज्ञानपीठ पुरस्काराचे पहिले मराठी मानकरी ठरले. अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. त्यांचा नायक भुकेने तडफडणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटतो आणि इंग्रजी सत्तेशी वैर पत्करतो. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आहे.

या दोन कादंबऱ्यांत साम्य ते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. वहीतील उत्तर मार्मिक आहे. दोन्ही पुस्तके भुकेचीच आहेत. एका ठिकाणी सर्व काही मिळूनही न शमणारी भूक आहे; दुसऱ्या ठिकाणी ओंजळभर दाण्यांनी शमली असती अशी भूक आहे, आणि तेवढे दाणेही मिळत नाहीत. ‘ययाति’ वाचताना वाचक स्वतःच्या मनाकडे पाहतो. ‘फकिरा’ वाचताना त्याला स्वतःच्या कोठाराकडे पाहावे लागते. संपन्न घरातील वाचकाला पहिले पाहणे त्या मानाने सोपे जाते, अशी पुस्तीही या गृहस्थांनी जोडली आहे.

तिसरी जोडी यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ आणि सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर यांचे ‘सीतायन’ यांची. ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी यशवंतरावांचे निधन झाले. देवराष्ट्रे व कराड येथील बालपण, स्वातंत्र्यलढा, कारावासातील वाचन आणि चर्चा यांचे त्यातील निवेदन संयत आहे. आई विठाईंचे चित्र तर मनात घर करते. तथापि तेथे आई दिसते ती मुलाच्या कृतज्ञ नजरेतून. बाई स्वतः बोलू लागली तर काय बोलेल, याचा शोध या वाचकाला ‘सीतायन’मध्ये लागला. लोकगीते व लोककथा यांतून घरोघरच्या स्त्रियांनी आपले दुःख सीतेच्या नावाने कसे सांगितले, हे ताराबाईंनी दाखविले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणीही लिहून घेतल्या नाहीत, ही खंत या नोंदीच्या शेवटी आहे.

अखेरीस वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ हा ग्रंथ आला. १९५५ साली साहित्य अकादमीचे पुरस्कार सुरू झाले, तेव्हा मराठीतील पहिला मान या ग्रंथाला लाभला. तो एका बैठकीत वाचावयाचा नव्हे. त्याला अडीच महिने लागले. परंपरेविषयी आदर बाळगूनही तिची चिकित्सा करता येते, हा धडा त्यातून मिळाल्याचे वहीत नमूद आहे. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहिल्याविना सत्याचे आकलन होत नाही, हा अनेकान्ताचा विचार या सभागृहाला नवा नाही. पुस्तके जोडीने वाचणे हे त्याचेच घरगुती आचरण म्हणता येईल.

या टिपणवहीचे महत्त्व एका व्यक्तीपुरते नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. जुनी, दुर्मीळ पुस्तके चिखलात गेली. ती हानी सर्वांना दिसली आणि सर्वांनी हळहळ व्यक्त केली. परंतु जी पुस्तके वर्षानुवर्षे कोणी हातातही घेत नाही, त्यांची हानी दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी हळहळतही नाही. याउलट सातारा जिल्ह्यातील भिलार येथे मे २०१७ पासून ग्रामस्थांनी आपल्या घरांची दारे पुस्तकांसाठी आणि अनोळखी वाचकांसाठी उघडली. स्ट्रॉबेरी पिकविणारे हे गाव आज पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्यासाठी कोणी मोठी इमारत बांधली नाही. राहत्या घरातील खोल्याच उपयोगी पडल्या.

आपल्याही घरांत कपाटे आहेत. त्यांपैकी एक शेजाऱ्यांसाठी उघडे ठेवावे, आणि त्यात आपल्या गावाविषयी एक सुखाचे व एक दुखावणारे, अशी निदान दोन पुस्तके असावीत, एवढीच या वाचकाची सूचना आहे. ती आपणापर्यंत पोहोचविण्याचे काम या व्याख्यानाने केले. ती अमलात आणणे हे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.