धरणे आणि सोडणे : कार्बन डायऑक्साइड टिपणारे सच्छिद्र पदार्थ



या स्मृतिव्याख्यानाचा मान दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे.

सिमेंटच्या कारखान्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वाटा इंधनाचा नसून चुनखडीचा असतो. चुनखडी भाजली की हा वायू सुटतोच. इंधन बदलून तो टळत नाही. म्हणून तो धुराड्यापाशीच अडविण्याचा विचार करावा लागतो.

त्यासाठी अमाइन या रसायनाचे द्रावण वापरण्याची रीत जुनी. तिचे पेटंट १९३० सालचे. परंतु धरलेला वायू मोकळा करण्यासाठी पाण्यासह सारे द्रावण सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते आणि तेथे पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते.

सच्छिद्र घनपदार्थांची तऱ्हा निराळी. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींवर वायूचे रेणू चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक याच कुळातले. कृत्रिम रीतीने बनविलेला ‘१३ एक्स’ झिओलाइट कोरड्या वायूतून कार्बन डायऑक्साइड उत्तम टिपतो. मात्र धुराड्यातील वायू दमट असतो, आणि झिओलाइटला पाण्याची ओढ अधिक. परिणामी बाष्पच जागा बळकावते.

धातूचे अणू व सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार सांगाड्यांसाठी कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशाच एका जस्तयुक्त सांगाड्याची, ‘कॅल्फ-२०’ची, माहिती कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे जॉर्ज शिमिझू व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. याहून अधिक वायू सामावणारे सांगाडे आहेत. परंतु सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्के होईपर्यंत हा पदार्थ पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला पसंती देतो, आणि वाफ सोडली की धरलेला वायू मोकळा करतो. वाफेने तो स्वतः सहसा बिघडत नाही.

माझ्या मते खरी कसोटी येथेच आहे. पदार्थ किती धरतो, एवढेच विचारून भागत नाही. दमट वायूत किती धरतो, किती ऊर्जेत सोडतो आणि हजारो आवर्तनांनंतर कितपत टिकतो, हेही विचारले पाहिजे. शिवाय मोकळा झालेला वायू कायमचा कोठे साठवायचा, हा प्रश्न उरतोच. येथील विद्यार्थ्यांनी नव्या पदार्थाची वार्ता वाचताना हे चार प्रश्न अवश्य विचारावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.